गहू भिजत घालून अलीराजपूरला

बुधवार, २० मार्च २०२४

आमचं शेत साडेतीन बिघ्यांचं. माळव्यात हिशोब बिघ्याचाच. चार बिघ्यांचा एक हेक्टर धरतात, म्हणजे किती ते समजा. इंदूरहून हातोदकडे जाताना रस्त्यापासून थोडं आत, सासऱ्यांनी घेतलेलं. कसायला बटाईवर, म्हणजे पिकाच्या वाट्यावर दिलंय. बटाईदारांना गावात सगळे पटेलसाब म्हणतात, म्हणून आम्हीही. फाल्गुन लागला की मी रामबागेतल्या फ्लॅटला कुलूप घालते आणि इथल्या दोन खोल्यांत मुक्कामाला येते. शेतीचं मला फार कळतं अशातला भाग नाही. वाळवणांसाठी येते. फ्लॅटच्या गच्चीवर सोलरच्या पट्ट्या बसल्यापासून कुरडयांना जागाच उरली नाही.

यंदा दोन बिघे लोकवन, एक बिघा पूसा तेजस आणि उरलेल्या अर्ध्यात लसूण. पूसा तेजस हा कठिया गहू, इंदूरच्याच गहू संशोधन केंद्रातून निघालेला. बाफले, म्हणजे उकडून भाजलेले कणकेचे गोळे, करावेत तर याचेच. लोकवन पार पिवळा पडून कापणीची वाट बघतोय. हार्वेस्टरवाला रोज ‘कल पक्का’ म्हणतो आणि रोज दुसऱ्याच्या शेतात दिसतो. तेजस उशिरा पेरलेला, त्याच्या ओंब्या अजून हिरव्या आहेत, दाणा दाबला की दूध निघतं. त्यामुळे घोडारोजांचा डोळा तिथेच. घोडारोज म्हणजे नीलगाय. नावात गाय आहे म्हणून तिला कुणी हात लावत नाही, आणि एका रात्रीत ती अर्धा बिघा लोळवून जाते. पटेलसाब मचाणावर झोपतात, मध्येच उठून पत्र्याचा डबा बडवतात. डबा ऐकून घोडारोज थोडे लांब जातात. झोप मोडते ती माझी.

सकाळी पुण्याहून भाचा आला, रात्रीच्या बसनं. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा, सत्तावीस वर्षांचा, नोकरी कॉम्प्युटरची आणि नाद बिअरचा. नाद म्हणजे ढोसण्याचा नव्हे. शनिवार-रविवार एका ब्रुअरीतून दुसरीत हिंडायचं, प्रत्येक ठिकाणी छोट्या ग्लासांतून चार-चार प्रकार चाखायचे आणि मोबाइलमध्ये टिपणं करायची. देशातल्या पहिल्या काही मायक्रोब्रुअऱ्यांतली एक २००९ साली पुण्यात निघाली, हे तो शनिवारवाड्याच्या अभिमानानं सांगतो. तिचं नाव डूलाली. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत परतीच्या जहाजाची वाट बघून बघून गोऱ्या सोल्जरांची डोकी फिरायची, त्यावरून इंग्रजीत वेड लागण्याला ‘डूलाली’ म्हणायला लागले, त्यातलं हे नाव. हे मला माहीत नव्हतं. देवळालीत माझी सख्खी मावशी राहायची.

पोहे खाऊन झाल्यावर तो मागच्या पडवीत गेला आणि तिथूनच ओरडला, “आत्या, हे काय लपवून ठेवलंयस?”

तिथे माझं पातेलं होतं. मंगळवारी संध्याकाळी पाच किलो लोकवन भिजत घातला होता, कुरडयांसाठी. गव्हाला तीन दिवस द्यायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा. ऊन चांगलं असल्यानं पाण्यावर पहिले बुडबुडे आले होते आणि तो ओळखीचा आंबूस वास. भाच्यानं नाक पार पातेल्यात घातलं. “ही तर ब्रुअरी आहे!”

मग तासभर मला बिअरचं शिक्षण. बार्ली भिजवतात, तिला मोड येऊ देतात, मोड आले की सुकवतात. मोड येताना दाण्यातच असं काही तयार होतं, जे पुढे गरम पाण्यात पिठाची साखर करतं. ते पाणी गाळायचं, हॉप्स नावाची कडू फुलं घालून उकळायचं, गार करायचं आणि मग यीस्ट. मी म्हटलं, म्हणजे फरक एवढाच की तुमच्या दाण्याला मोड यायलाच हवेत आणि माझ्या दाण्याला मोड आले तर चीक गेला, जावा माझ्यावर हसणार. हे त्याला फार पटलं, त्यानं ते टिपून घेतलं.

“पण मग तुमची बिअर कधी तयार होते?”

“दोन-तीन आठवडे. काही प्रकार महिनोन्‌महिने.”

हे कोपऱ्यात पेपर वाचत होते. आमचे हे माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, आयुष्यात थेंब घेतलेला नाही, पण नोकरीची सहा वर्षं अलीराजपूर-जोबटकडे काढलेली. पेपर खाली न घेता म्हणाले, “एक पेय असं आहे, जे सकाळी तयार होतं आणि संध्याकाळी वाया जातं. ते पुण्याला येऊ शकत नाही. इंदूरलाही येत नाही. त्याच्याकडे आपणच जावं लागतं.” मग पेपर खाली घेऊन, “भगोरिया, होळीआधीचे आदिवासी बाजार, चालू आहेत. मामाला फोन लावू?”

ठरलं ते असं: गुरुवारी निघायचं, शुक्रवारी रात्री परत. शनिवारी गहू वाटायला घेता आला असता. रोजचं पाणी बदलायचं पटेलसाबांच्या घरच्यांना सांगून ठेवलं.

गुरुवार, २१ मार्च

धार, टांडा, बाग, मग अलीराजपूर. दोनशेच्या वर किलोमीटर. धारपर्यंत पठार, पुढे रस्ता डोंगरात उतरतो. टांड्याच्या अलीकडे पळस असा फुललेला की उघड्या-बोडक्या टेकड्यांवर तेवढाच रंग. इकडे पळसाला खाखरा म्हणतात. भाचा दर वळणावर गाडी थांबवायला सांगत होता, हे दर वळणावर “पुढे आणखी आहेत” म्हणत होते. पुढे खरंच आणखी होते, त्यामुळे फोटो एकही नाही.

सोळा तारखेला लोकसभेची आचारसंहिता लागलेली, त्यात पुढे गुजरातची हद्द आणि तिकडे दारूबंदी. वाटेत दोनदा गाडी तपासली. भाच्याच्या सॅकमध्ये एक उभट काचेचं भांडं आणि आकडे लिहिलेली काचेची कांडी निघाली. “ये क्या है?” त्यानं खरं ते सांगितलं: साखर मोजायची. तपासणाऱ्यानं याच्याकडे नीट बघून विचारलं, “शुगर है आपको? इतनी कम उमर में?” आम्ही कुणी काही बोललो नाही.

मामा म्हणजे ह्यांच्या जुन्या ऑफिसातले भिलाला या आदिवासी जमातीतले गृहस्थ, आता रिटायर. झाबुआ-अलीराजपूरकडे मामा ही हाक सर्रास आहे. इंग्रजांशी लढलेल्या टंट्या भिल्लालाही लोक टंट्या मामाच म्हणतात. त्यांचं गाव म्हणजे आपल्या कल्पनेतलं गाव नव्हे. इथे फळिये असतात: एक घर या टेकाडावर, दुसरं दोन शेतं सोडून पलीकडे, मध्ये ज्याचं त्याचं रान. आणि प्रत्येक बांधावर ताड, सरळसोट, डोक्यावर पंख्यांचा झुबका.

जेवायला दाल-पानिया. मक्याच्या पिठाचा जाड गोळा खाखऱ्याच्या दोन पानांत दाबून गोवऱ्यांच्या आरात भाजतात. पान जळून सुटतं, त्याच्या शिरा पानियावर उमटलेल्या राहतात, आणि जळक्या पानाचा वास उडदाच्या डाळीत उतरतो. मी चार खाल्ले. रात्री अंगणात खाटा. लांबून मांदल, म्हणजे इथला ढोल, वाजत होता, एक थांबला की दुसऱ्या टेकाडावरून उत्तर.

शुक्रवार, २२ मार्च

पाच वाजता मामांनी उठवलं. “उन आया तो मजा गया.”

ताड उतरवायला, म्हणजे ताडी काढायला, मामांचा पुतण्या आला होता. कमरेला कोयता, पायांत दोराचा फास. फास खोडाला अडकवायचा, हातांनी वर सरकायचं, पाय गोळा करायचे, पुन्हा फास. चहा गाळायला लागतो तेवढ्या वेळात तो शेंड्याला होता. फुलोऱ्याची जी लांब बोटं असतात त्यांची टोकं रोज सकाळ-संध्याकाळ चकतीएवढी छाटायची आणि खाली मडकं बांधायचं. रात्रभर टिपटिप. छाट जरा जाड गेली तर फुलोरा लवकर संपतो आणि छाटलंच नाही तर रस आटतो. ते नेमकं प्रमाण त्या पुतण्याच्या मनगटात आहे. ताड उतरवण्याजोगा व्हायला पंधरा-वीस वर्षं जातात, म्हणून लावणारा एक आणि पिणारा दुसरा. मामांच्या घरी भावाभावांत जमिनीबरोबर ताडही मोजून वाटलेत. धाकट्याच्या वाट्याला आलेला एक ताड मोठ्याच्या बांधावर आहे, त्यावरून अकरा वर्षं बोलणं बंद होतं.

मडकं खाली आलं. आत बुडालेल्या दोन मधमाश्या आणि वर पातळ फेस. मामांनी खाखऱ्याच्या पानाचा द्रोण वळला, गाळून भरला आणि आधी दोन थेंब जमिनीवर सोडले, पूर्वजांचे. मग मला दिला. माझ्याआधी ह्यांना देणार होते, यांनी माळेकडे बोट दाखवलं.

चव सांगायची तर शहाळ्याच्या पाण्यात कुणी गूळ विरघळवलाय आणि जिभेच्या टोकाला हलकेच टाचणी टोचतंय. वास मात्र काकवीचा आणि थोडा ओल्या भिंतीचा. मी दोन द्रोण घेतले. लाजायचं काय त्यात?

भाच्यानं काचेचं भांडं भरून कांडी सोडली. रसात साखर असेल तेवढी ती वर तरंगते. साखरेची दारू होत गेली की खाली बसत जाते. सात वाजता कांडीनं मान चांगली वर काढली होती. नऊला दोन रेघा खाली. भांडं सावलीत खाटेखाली ठेवलेलं, कुणी हात लावलेला नाही, यीस्ट घातलेलं नाही, तरी आतून बारीक बुडबुड्यांची माळ लागलेली. मामांची नात शेजारी उकिडवी बसून बुडबुडे मोजत होती. अकराला कांडी आणखी खाली, रंग ताकासारखा, आणि चवीत आंबटपणा आलेला. “बेल्जियममध्ये असं रानातल्या यीस्टवर सोडून देतात,” भाचा म्हणाला, “लँबिक म्हणतात, पण त्याला वर्ष-वर्ष लागतं.” त्याच्या लक्षात आलं होतं की इथे दाणा नाही, मोड नाहीत, उकळणं नाही. साखर झाडानंच करून ठेवलीय आणि यीस्ट हवेतून, मडक्याच्या कडेवरून येतंय. अख्खी ब्रुअरी बांधावर उभी. तिला टाकी एवढीच नाही, की जिच्यात माल साठवून ठेवावा.

या भागात मग ब्रुअऱ्या हिंडणं म्हणजे ताड हिंडणं. दुपारपर्यंत आम्ही तीन फळियांत गेलो. मामांच्या साडूचा ताड टेकाडाच्या माथ्यावर, खडकाळ जमिनीत; त्याची ताडी कमी पण गोड. ओढ्याकाठच्या ताडाची भरपूर आणि पांचट. भाच्याच्या मोबाइलमध्ये आता ‘साडू, माथा’ आणि ‘ओढा, पूर्व’ अशी टिपणं आहेत. साडूंनी त्याला मामांसमोर विचारलं, कुणाची चांगली? पोरगं पुण्याचं असूनही शहाणं निघालं, म्हणालं सकाळची मामांची आणि दुपारची तुमची.

दुपारी वालपूर, सोंडव्याच्या पुढे. शुक्रवारचा हाट, त्यात होळीच्या आधीचा, म्हणजे भगोरिया. मध्य प्रदेश, गुजरात, महाराष्ट्र तिन्हीकडून लोक येतात. गर्दीचं वर्णन करायला बसले तर संपायचं नाही, एकच सांगते. एका फळियाच्या वीसेक बायका एकाच ताग्यातल्या, एकाच निळ्या रंगाच्या, हातांत हात अडकवून रांगेत चालल्या होत्या. गर्दीत हरवू नये म्हणून. रांग वळली की निळी चुणी पडल्यासारखं दिसायचं. अंगावर चांदी इतकी की चालण्याचाही आवाज. मांदल एवढाले मोठे की वाजवणारा मागे झुकून चालतो. साखरेचे हार-कंगण लटकलेले, म्हणजे आपल्या गाठीच, फक्त गुलाबी.

भाच्यानं इंटरनेटवर वाचलेलं विचारलंच: इथे मुलं-मुली पळून जाऊन लग्न करतात ना? मामा पहिल्यांदा चिडलेले दिसले. “होळीचा बाजार आहे हा. गूळ, फुटाणे, कपडे घ्यायचे, सोयरे भेटायचे. तुमच्या इंदूरच्या सराफा बाजारात मुलगा-मुलगी एकत्र गराडू खातात, त्याला तुम्ही काय नाव देता?” भाचा गप्प. मला वाटतं, त्याला उत्तर आवडलं.

परत निघायची वेळ झाली तेव्हा मामा म्हणाले, मोह गळायला लागलाय काठीवाड्याकडे, तो न बघता जाणार? ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मला गहू दिसत होता. पण मी हो म्हटलं.

शनिवार, २३ मार्च

काठीवाडा जंगलातलं, गुजरातला लागून. नूरजहाँ आंबा इथला. एकेक फळ दोन-तीन किलोंचं. आत्ता फळं लहान, पण झाडाला आत्ताच टेकू लावायची बोलणी चालली होती.

मोहाची फुलं पहाटे पडतात. आम्ही पोचलो तेव्हा उजाडत होतं आणि झाडाखाली टपटप चालू होती, पाऊस थांबल्यावर पागोळ्या गळाव्यात तशी. खालचा पाचोळा आधी जाळून जमीन मोकळी केलेली, म्हणजे फूल हाताला लागतं. (हीच आग कधी कधी हाताबाहेर जाते आणि डोंगर पेटतो, हेही मामांनी सांगितलं.) फूल द्राक्षाएवढं, फिकट पिवळं, मांसल, आत पोकळ. एक खाल्लं: आधी मध, मग घशात किंचित झणका. बायका टोपल्या घेऊन वाकलेल्या, बोलणं नाही, फक्त हात. उन्हात चार-पाच दिवस पडलं की मनुक्यासारखं होतं, मग वर्षभर टिकतं. ताडी आजची आज. मोह पेटीत ठेवतात, मुलीच्या लग्नाला काढतात.

दारू करायची तर सुकी फुलं भिजवून काही दिवस आंबवायची आणि मडक्यावर मडकं ठेवून वाफ गाळायची. इंग्रजांना या फुलाचा एवढा धसका की १८९२ साली मुंबई इलाख्यात फुलं गोळा करण्यावरच कायदा आणला. आता मध्य प्रदेश सरकारनं मोहाच्या दारूला ‘हेरिटेज मदिरा’ म्हणून मान दिलाय आणि ती फक्त आदिवासी बचत गटांनी करायची अशी अट आहे. काठीवाड्याच्या गटाच्या दारूचं नाव मोंड. मामांच्या व्याह्यांकडे तिची बाटली शोकेसमध्ये होती, देखणी. प्यायला मात्र त्यांनी घरची काढली. भाच्यानं घोट घेतला, डोळे मिटले, बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “फुलं आहेत यात.” अरे बाबा, फुलंच आहेत. मी वास घेऊन वाटी परत दिली. डोळ्यांत पाणी आलं.

दिवसभर फोनला रेंज नव्हती.

रविवार, २४ मार्च

निघताना भाच्यानं हट्टानं दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत पहाटेची ताडी भरून घेतली. मामा म्हणाले झाकण सैल ठेव. ह्यांनीही सांगितलं. त्यानं झाकण घट्ट लावलं, कारण सीटवर सांडेल म्हणून मीच ओरडले होते. हे लिहिणं भाग आहे.

बागच्या पुढे तपासणीसाठी गाड्या उभ्या होत्या. ऊन डोक्यावर. रांगेत आमचा नंबर दोन गाड्या मागे असताना मागच्या सीटवरून असा बार निघाला की पुढच्या गाडीतले दोघे बाहेर आले. बाटलीचं झाकण छताला लागून माझ्या मांडीवर, आणि ताडी सगळीकडे: छत, ह्यांची मान, तुळशीची माळ. तपासणाऱ्यानं काच खाली करायला लावली आणि मागे सरला. ह्यांच्या चेहऱ्यावरून ताडी ओघळत असताना हे अत्यंत शांतपणे म्हणाले, “मैं नहीं पीता.” यंत्रात फुंकर मारून झाली, आकडा शून्य आला. त्या माणसाचा यंत्रावर विश्वास बसला नाही, त्यानं दुसरं मागवलं. तेही शून्य. त्यानं शेवटी माळेकडे बघून हात जोडले आणि सोडलं.

पुढचे तीन तास कुणी कुणाशी बोललं नाही. धारच्या पुढे हेच म्हणाले, “जीभ लागली चुकून. आंबट झाली होती.”

शेतावर पोचलो तो संध्याकाळ. पडवीत पाय ठेवायच्या आधीच वास आला. पटेलसाबांकडे शुक्रवारी पाहुणे आले, पाणी बदलायचं राहिलं, मग शनिवारी भीतीनं कुणी झाकणच उघडलं नाही. पातेल्यावर बोटभर फेस. भाच्यानं कांडी काढली. मी त्याच्या हातातून घेऊन ठेवली. गहू चोळला तर कोंडा आपोआप सुटत होता. टाकून द्यायचा जीव झाला नाही. वाटला, गाळला, पाणी चार वेळा बदललं, चीक खाली बसायला ठेवला.

यंदा भद्रा असल्यानं होळी रात्री सव्वाअकरानंतर. तोवर जागायचंच होतं. तेजसच्या हिरव्या ओंब्या काठ्यांना बांधून गावातली पोरं होळीच्या आरात धरून उभी, भाचाही त्यांच्यात. भाजलेली ओंबी तळहातावर चोळायची, फुंकर मारायची, दाणे तोंडात. बोटं काळी, ओठ काळे. पटेलसाब आरामात बसलेले. म्हणाले होळीच्या रात्री घोडारोज येत नाहीत. तीन आले. त्यांनी तेजसचा दक्षिणेकडचा कोपरा साफ केला.

सोमवारी सकाळी चीक शिजवला. आंबट होता, पण दुसऱ्या उकळीला जिरं-हिंग जास्त घातल्यावर चालला. भाच्यानं दोन वाट्या खाल्ल्या, तूप घालून. खाटेवर प्लास्टिक अंथरून कुरडया घातल्या, एकोणीस ओळी. दहा वाजता गावातली पोरं पिचकाऱ्या घेऊन आली आणि भाच्याला शोधत पडवीतून पळाली. चार ओळी गुलाबी झाल्या आहेत. त्या वेगळ्या डब्यात ठेवल्यात, जावा आल्या की तळायच्या नाहीत.